उजव्या खोबणीतला डावा रेणू

१

“संगणकाला पहिला प्रश्न असा विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. तिथेच तो घसरला, तर पुढचं त्याचं एक अक्षर ऐकायचं नाही.”

बाईंचा हा आवाज आक्कांच्या कानात इतका मुरला होता, की कधीकधी त्यांना वाटे, आपण विचार करतो तोसुद्धा बाईंच्याच आवाजात. संस्थेत सगळ्यांना हाताखाली घडवणाऱ्या बाई निवृत्त होऊन लांबच्या गावी मुलाकडे राहायला गेल्या, पण संस्थेतून त्यांचा आवाज काही गेला नाही. त्या सकाळी साहेबांनी आक्कांना वर बोलावलं, दार लावून घेतलं आणि बसायच्या आधीच म्हटलं, “आक्का, धाकटीने आपल्याला फसवलं.” तेव्हाही तो आवाज आतून बोललाच.

आक्का पडताळणीचं काम बघत. कुणी काही शोधलं की ते खरं का, हे त्यांनी पाहायचं. आवाज हलका, चाल त्याहून हलकी. पण त्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या की भल्याभल्यांना शाळेतला गृहपाठ आठवे.

“काय झालं ते नीट सांगा,” त्या म्हणाल्या.

विषाणूला आपली पिलावळ वाढवायला एक प्रथिन लागतं आणि त्या प्रथिनाला एक खोबण असते. त्या खोबणीत एखादा रेणू घट्ट जाऊन बसला, की विषाणूचं काम अडतं. संस्थेच्या संगणकात झाडांच्या मुळांतून, पानांतून, सालींतून मिळणाऱ्या हजारो रेणूंची चित्रं साठवलेली होती. संगणक एकेक चित्र उचलायचा, खोबणीत उलटसुलट बसवून पाहायचा आणि गुण द्यायचा. पहिला येईल त्याला खऱ्या विषाणूसमोर उभं करायचं. पण खरे विषाणू कुलपात ठेवणारी प्रयोगशाळा दुसरीकडे होती, आणि तिने यंदा या संस्थेला एकाच रेणूची जागा दिली होती.

ती जागा धाकटीच्या रेणूला मिळाली होती. एका वेलीच्या सालीतला रेणू. पाठवण्याआधी तेच गणित दुसऱ्याने पुन्हा करून पाहायचं, असा नियम. ते काल केलं, आणि पहिला आलेला रेणू यादीच्या पार शेपटाला गेला.

“तीच खोबण, तोच रेणू, तोच प्रोग्रॅम,” साहेब म्हणाले. “एकदा पहिला आणि एकदा शेवटचा? तिने गुण हाताने भरले असणार, दुसरं काय! संध्याकाळी मला पत्र पाठवायचंय. काही वेगळं निघालं नाही, तर तिच्या नावापुढे खोटेपणाचा शेरा मारून मी तिला घरी पाठवणार.”

आक्कांना ठाऊक होतं, तो शेरा एकदा बसला की या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

त्या उठल्या. दारापाशी त्यांना जाणवलं, की आपल्या छातीत काळजीच्या शेजारी आणखी एक काहीतरी बसलंय. ते थोडंसं सुखावलेलं होतं.

२

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. घरातली नावं संस्थेतही तीच पडली. थोरली इथली जुनी, तिनेच धाकटीला बोट धरून आणलं, शेजारचं टेबल दिलं, हाताला हात लावून शिकवलं. मग वेलीचा रेणू पहिला आला. निळ्या खोबणीत बसलेल्या पिवळ्या रेणूचं हे मोठं चित्र छापून भिंतीवर लागलं. शिवाय बाईंचा फोन आला, “या पोरीला जपा. ही नाव काढेल.”

त्या दिवशी थोरलीने सगळ्यांना चहा पाजला. आक्काही प्यायल्या, पण कप अर्धाच ठेवला. बाईंनी त्यांना उभ्या आयुष्यात ‘बरं आहे’ यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. थोरलीला तर तेवढंही नाही.

आक्का खाली आल्या, तेव्हा थोरली धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“बरं झालं आलात, आक्का. तुम्हीच समजवा हिला. मी साहेबांना म्हटलंय, पोर नवी आहे, उत्साहाच्या भरात झालं असेल. माफी मागितलीस तर...”

“माफी कसली, ताई? मी गुण भरलेच नाहीत!”

“बरं बाई, नाही भरलेस. माझ्यावर कशाला ओरडतेस? घरी भावजींना काय सांगायचं, सासूबाईंना काय सांगायचं, याची चिंता शेवटी मलाच ना?”

“थोरले, हिला जरा पाणी आण बरं,” आक्का म्हणाल्या. थोरली गेली. आक्कांनी खुर्ची ओढली.

“आता रडायचं नाही. या खोबणीत छान बसणारं एक जुनं औषध आहे, सगळ्यांना माहीत असलेलं. आहे ना? ते घाल. हाच प्रोग्रॅम, हीच खोबण.”

“त्याचा काय संबंध, आक्का?”

“घाल तर.”

यंत्र घरघरलं. औषध खोबणीत गेलं आणि वर्षानुवर्षं जसं बसत आलं होतं तसंच, केसाचाही फरक न करता बसलं.

“म्हणजे खोबण शाबूत आहे,” आक्का हळूच म्हणाल्या. “प्रोग्रॅमही शाबूत आहे. मग दोनच गोष्टी उरतात. एक तर तू खोटारडी आहेस.”

“आणि दुसरी?” धाकटीने विचारलं.

“कुणीतरी तुझा रेणूच बदललाय.”

३

संगणकांच्या थंडगार खोलीचा कारभार ज्याच्याकडे होता, त्याला सगळे यंत्रोबा म्हणत. कालचं गणित त्यानेच पुन्हा केलेलं. शिवाय त्याने स्वतः गुण देणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता, आणि तो कुणी वापरत नाही हे दुःख तो सर्दीसारखं बारमाही वागवत असे.

“माझ्या प्रोग्रॅमने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, या वेलीत दम नाही,” तो म्हणाला. “पण आमचं कोण ऐकतंय? आम्ही काय, इथले पंखे पुसायला!”

“रेणूची फाइल कधी बदलली, दिसेल का?”

त्याने खटाखट बटणं दाबली आणि तो जरासा पुढे वाकला. “अरेच्चा! बदललीये खरी. परवा दुपारी.”

“कोणी?”

“ते देवालाच विचारा. सगळे एकाच नावाने आत शिरतात. आणि पासवर्ड काय ठेवलाय, तर ‘पासवर्ड’! मी बोंबलून थकलो.”

“परवा दुपारी तू कुठे होतास?”

“इथेच. घ्या, माझा संशय घ्या. तेवढाच मान मिळेल.”

धाकटीने पडद्यावर रेणू उघडला. एकेक अणू मोजला, एकेक जोडणी तपासली. “सगळं तेच आहे, आक्का. एक कणही कमी नाही.”

काचेपलीकडे भिंतीवर ते मोठं चित्र दिसत होतं. आक्का चित्राकडे पाहत, मग पडद्याकडे. रेणूला दोन फांद्या होत्या, एक आखूड, एक लांब. धाकटी रेणू फिरवत होती, उलटा करत होती, आडवा पाडत होती. आखूड फांदी चित्रासारखी आणली की लांब फांदी भलतीकडे जाई. लांब फांदी जुळवली की आखूड रुसे.

“तुझ्याकडे आरसा आहे का गं? छोटासा?”

“आरसा?” धाकटीने पर्समधून काढून दिला.

आक्कांनी तो पडद्यासमोर धरला आणि त्यात पाहिलं. मग आरसा तसाच धरून म्हणाल्या, “या, बघा.”

आरशात भिंतीवरचा रेणू होता. दोन्ही फांद्या जिथल्या तिथे.

“हातमोजा तोच,” आक्का म्हणाल्या. “फक्त उजव्याचा डावा केलाय. उजव्या हातात तो कसा जाणार? यंत्रोबा, हा आरशातल्यासारखा उलटा कर आणि बसवून बघ.”

यंत्रोबाने केला. तिघं उभ्यानेच वाट पाहत राहिली. यादी वर सरकली, आणि वेलीचा रेणू पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसला.

धाकटीच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच फुटलं. यंत्रोबाने हात खिशात घातले. “म्हणजे ही खरी होती,” तो पुटपुटला. त्याच्या आवाजात आनंद शोधूनही सापडला नसता.

“चला साहेबांकडे!” धाकटी म्हणाली.

“थांब,” आक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “दोन मोजे आहेत. खऱ्या सालीत कोणता आहे, हे कुणी पाहिलंय?”

४

झाडांचा अभ्यास करून मोठी पदवी मिळवलेल्या गृहस्थांना संस्थेत पालेवाले म्हणत, आणि ते त्यांना आवडत असे. त्यांच्या खोलीत शिरलं की सुकलेल्या पानांचा आणि रसायनांचा मिळून एक वास यायचा. यादीत दुसरा नंबर लागला होता तो त्यांच्या लाडक्या मुळाचा.

“आलात का चौकशीला?” आक्का आणि धाकटी आत येताच ते म्हणाले. “मला आनंद झालाय, लपवत नाही. वेल पडली की चाचणीला माझं मूळ जाणार. पण मी कुणाचा केसाने गळा कापत नाही, आक्का. जे पोटात असतं ते ओठांवर आणून मोकळा होतो.”

“ते ठाऊक आहे मला. या वेलीच्या सालीतून तुम्ही रेणू शुद्ध करून ठेवलाय ना? तो प्रकाश कुठे वळवतो?”

उजव्या आणि डाव्या रेणूंचा हा एक गुण असतो. त्यांच्या द्रावणातून विशिष्ट प्रकाश सोडला, तर एक त्याला उजवीकडे वळवतो, दुसरा डावीकडे.

“डावीकडे. बाटलीवर लिहिलंय. पण तुम्ही कॉम्प्युटरवाले इथवर येऊन बाटली बघाल तर शपथ!”

त्यांनी नळीत द्रावण भरलं आणि आक्कांना भिंगातून पाहू दिलं. डावीकडेच. आक्कांनी कपाटातला संदर्भग्रंथ उतरवला. डावीकडे वळवणाऱ्या रेणूचं चित्र त्यात होतं. ते पडद्यावरच्या बदललेल्या चित्राशी तंतोतंत जुळत होतं. शेजारीच त्याचा जुळा भाऊ होता, उजवीकडे वळवणारा. तो या वेलीत नसतोच. तो सापडतो एका डोंगरी झुडपाच्या पानांत.

धाकटीने ते वाचलं आणि ती मिळेल त्या स्टुलावर बसली.

“आपल्या संग्रहात दोघं एकाच नावाखाली आहेत,” ती म्हणाली. “लागून लागून. मी... मी झुडपातला उचलला आणि वेलीचा म्हणून बसवला. आक्का, मीच चुकले.”

“हो, चुकलीस.”

“ज्याने फाइल बदलली, त्याने बरोबर केलंय.”

“हो.”

धाकटी तोंड धुवायला बाहेर गेली. आक्का खिडकीपाशी उभ्या राहिल्या. कुणी चूक घुसवली असेल, म्हणून त्या सकाळपासून चूक शोधत होत्या. आणि इथे कुणीतरी गुपचूप येऊन खरं ठेवून गेलं होतं. का? चूक दिसली तर माणूस ओरडून सांगतो, निदान कानात तरी सांगतो.

पालेवाले नळी विसळत होते. “काय चाललंय काय तुमचं? वर्षानुवर्षं त्या झुडपाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, आणि आता स्थळं सांगून आल्यासारखी रांग लागलीये.”

“कसली रांग?”

“आत्ता तुम्ही त्याचं नाव काढलंत. परवा सकाळी थोरली आली, म्हणाली, त्या झुडपाची पानं द्या, भरपूर द्या, आणि कुणाला बोलू नका. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, सहज.”

आक्कांनी खिडकीची चौकट धरली.

५

त्या लगेच थोरलीकडे गेल्या नाहीत. मागच्या अंगणात सायकली लावायच्या छपराखाली जाऊन उभ्या राहिल्या.

सगळं जुळलं होतं, आणि जुळलं म्हणूनच मनात एक भलता विचार आला होता. धाकटीकडून चूक झाली हे तर खरंच होतं. साहेबांना नुसतं ‘चित्र चुकीचं होतं’ एवढंच सांगितलं, तर ते खोटं ठरलं नसतं. पोरगी शेऱ्यातून सुटली असती, भिंतीवरचं चित्र उतरलं असतं, बाईंना कुणीतरी फोनवर सांगितलं असतं. आणि आपण? आपण अर्धंच बोललो, हे कुणाला कळलं असतं?

आपल्याला कळलं असतं. आक्कांनी डोळे मिटले, मनातल्या मनात देवाचं नेहमीचं नाव घेतलं आणि त्या आत गेल्या.

थोरली टेबलांपलीकडच्या छोट्या काचेच्या खोलीत एकटीच होती. आक्कांनी दार लोटलं.

“यंत्रोबाला वेलीचा रेणू पाडायचा असता,” आक्का बसत म्हणाल्या, “तर त्याने गुणांतच घोळ घातला असता. डावं-उजवं त्याच्या गावीही नव्हतं. परत उलटा करून पहिला आला, तेव्हा त्याचं तोंड मी पाहिलंय. पालेवाल्यांना प्रकाश ठाऊक होता, पण त्यांनी जाणूनबुजून काही केलं असतं, तर झुडपाची गोष्ट ते माझ्याकडे बोललेच नसते. आपण काय सांगतोय हे त्यांना कळलंही नाही.”

थोरली पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

“फाइल बदलली परवा दुपारी. झुडपाची पानं मागितली गेली परवा सकाळी. त्या पानांना किंमत आहे, हे कुणाला कळेल? ज्याला ठाऊक आहे की खोबणीत बसलेला रेणू वेलीतला नव्हेच, पानांतला आहे, त्यालाच. तू सकाळी ओळखलंस, आधी पानं पदरात पाडून घेतलीस, आणि दुपारी चित्र सरळ केलंस.”

थोरलीने टोपण लावून पेन बाजूला ठेवलं.

“मी काही खोटं केलं नाही, आक्का,” ती म्हणाली. “एक अणूही खोटा ठेवला नाही. चुकीचं होतं ते बरोबर केलं.”

“मग तिला सांगितलं का नाहीस? टेबलाला टेबल लागून आहे.”

“सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती म्हणाली असती, अय्या ताई, चुकले! नाव बदललं असतं, वेलीऐवजी झुडूप झालं असतं, आणि पुन्हा तीच पहिली. साहेब म्हणाले असते, बघा किती प्रामाणिक पोर!”

“आणि ती वेल तशीच चाचणीला जाऊ दिली असतीस तर?”

“तर चाचणीत नापास झाली असती. नापास तर काय, रोज होतात रेणू. दोन दिवस सगळे हळहळले असते आणि परत तिच्याच पाठीवर थाप.” थोरलीचा आवाज चिरकला. “मला ती नापास व्हायला नको होती, आक्का. मला ती खोटी ठरायला हवी होती.”

बोलून झाल्यावर तिनेच दचकून दाराकडे पाहिलं.

“घरी सासूबाई तिला विचारतात, आज काय शोधलंस गं? मला विचारतात, भाजी काय करतेस. माझ्या नवऱ्याने तिचं ते चित्र फोनवर ठेवलंय, मित्रांना दाखवतो, आमच्या घरातलं आहे म्हणतो. मी नाही का त्याच्या घरातली? खोबण कशी साफ करायची, रेणू कसा मांडायचा, सगळं मी शिकवलं तिला. बाईंकडून मी एकेक गोष्ट रडून रडून शिकले, आणि हिला एका फोनवर...” ती थांबली. “तुम्हाला नाही कळायचं.”

“मला नाही कळायचं?” आक्का म्हणाल्या. “त्या फोनच्या दिवशी मी घरी गेले आणि देवासमोर बसूनसुद्धा मला दुसरं काही आठवेना. इतकी वर्षं केली सेवा, आणि मन कुठे तर त्या पोरीच्या कौतुकात अडकलेलं. आत्ता छपराखाली उभी होते, तेव्हाही अर्धंच सांगावं असं मनात आलं माझ्या.”

थोरलीने पहिल्यांदाच मान वर केली.

“मग सांगा अर्धं,” ती कुजबुजली. “नाहीतरी चूक तिचीच होती ना? तिला शेरा नको, मलाही नको. झुडपाचा रेणू पुढच्या खेपेला मी मांडते. कुणाचं काय जातं?”

आक्कांनी मान वळवली. बाहेर, काचेपलीकडे, धाकटी आपलं टेबल आवरत होती. ड्रॉवरमधल्या वस्तू एकेक करून पिशवीत भरत होती. तिला अजून कुणी जा म्हटलं नव्हतं.

६

“ती बघ,” आक्का म्हणाल्या.

थोरलीने पाहिलं. धाकटीने पिशवीतून एक कप परत बाहेर काढला, पदराने पुसला आणि थोरलीच्या टेबलावर ठेवला.

“तो माझा कप,” थोरली म्हणाली. “तिला दिला होता मी, पहिल्या दिवशी.”

“थोरले, मी वर जाऊन सगळं सांगू शकते. संध्याकाळपर्यंत मला सांगायलाच लागेल. पण मी सांगितलं, तर ती पकडलेली चोरी होईल. तू सांगितलंस, तरी ती चोरीच राहील, मी फसवणार नाही तुला. साहेब चिडतील, कदाचित तुझं टेबल जाईल. फक्त ते तुझ्या तोंडून निघालेलं असेल. घरी गेल्यावर त्या पोरीसमोर ताट वाढताना तुला मान वर करता येईल.”

“आणि पानं?”

“पानं तिची. शोध तिचा. चूक वेलीच्या नावात होती, रेणूत नव्हती. साहेबांच्या पत्रात आज झुडपाचं नाव गेलं पाहिजे.”

थोरलीने दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं. आक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. सकाळी एका पाठीवरून फिरणारा हात त्यांनी पाहिला होता, आणि तसा हात आज त्यांना कुणावरच ठेवायचा नव्हता. त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

“मी सांगेन,” थोरली तळव्यांतूनच म्हणाली. “तिच्यासमोर सांगेन. साहेबांनाही आणि घरीही. शब्द देते.”

“कधी?”

“बसले तर उठायची नाही. आत्ताच.”

ती उठली. तोंडावर पाणी मारून आली, केस मागे घेतले. दारापर्यंत गेली आणि कडीवर हात ठेवून थांबली.

“आक्का, एक सांगू? तिचा हेवा अजून गेलेला नाही हो. इथे तस्साच बसलाय, दगडासारखा.”

“बसू दे त्याला,” आक्का म्हणाल्या. “तू जा.”

थोरलीने मान हलवली. ती काचेपलीकडे गेली, पिशवीवर वाकलेल्या धाकटीपाशी उभी राहिली आणि काहीतरी दोनच शब्द बोलली. धाकटीने गोंधळून पिशवी खाली ठेवली. मग दोघी जिन्याकडे निघाल्या. थोरली पुढे होती, कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती, आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.